पडणे आणि पाडणे



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका आजींना आपण निरोप दिला. वय ८१. न्हाणीघरात पाय सरकला, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, पुढे न्यूमोनिया झाला आणि तीन महिन्यांत सारे आटोपले. अंत्यविधीच्या दिवशी ओट्यावर बसलेली मंडळी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "काय करणार फादर, पडण्याचं निमित्त झालं." मीही मान हलवली.

त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. कारण त्या घरात कोणालाही आठवत नसलेली एक गोष्ट मला आठवत होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या आजी रोज सकाळच्या मिस्साला चालत येत असत. वाडीतून, बावखलाच्या कडेने, पंधरा मिनिटांची वाट. एके दिवशी चर्चच्या पायरीवर त्या अडखळल्या. लागले काही नाही. पण मी धावत गेलो, त्यांचा हात धरला आणि अगदी प्रेमाने म्हणालो, "आजी, आता कशाला एवढा त्रास घेता? घरीच बसा. पहिल्या शुक्रवारी मी कम्युनियन घेऊन येईन." मुलाने आणि सुनेने माझे आभार मानले. आजींनी फादरांचा शब्द मानला आणि त्या घरी बसल्या. पहिले काही महिने त्या मला ओट्यावर भेटत. नंतर माजघरातल्या खुर्चीत. नंतर पलंगावर. दर वेळी मी म्हणत असे, "आराम करा हं आजी."

हा लेख लिहिण्याचे कारण हेच आहे. मी डॉक्टर नाही. जे लिहितो आहे ते गेले काही महिने वाचून आणि दोन-तीन डॉक्टरांना विचारून लिहितो आहे. औषधाबाबतचा निर्णय आपापल्या डॉक्टरांनाच विचारून घ्यावा.

आपल्या भाषेत 'पडणे' हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. पाऊस पडतो, आंबा पडतो, माणूस आजारी पडतो, खर्च महाग पडतो. कोणी काही केलेले नसते, सारे आपोआप घडते. 'पाडणे' म्हटले की मात्र पाडणारा कोण ते सांगावे लागते. म्हातारे माणूस पडले की आपण नेहमी पहिले क्रियापद वापरतो आणि चौकशी तिथेच थांबते. 'वय झालं होतं' एवढे बोलून आपण मोकळे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा योगायोगावरचा विचार आम्हांला अभ्यासाला होता. त्याने दिलेले उदाहरण साधे आहे. एक माणूस भलत्याच कामासाठी बाजारात जातो आणि तिथे नेमका त्याचे पैसे देणे लागणारा माणूस त्याला भेटतो. ही भेट योगायोगाची. पण दोघेही बाजारात आले ते काही ना काही कारणाने आले. योगायोग म्हणजे कारण नसणे नव्हे. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या कारणांची एका ठिकाणी गाठ पडणे. (परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर मी पाठ करून लिहिले होते. अर्थ कळायला वीस वर्षे लागली.)

हाच विचार वैद्यकाच्या बाजूने एका अभ्यासाने पक्का केला आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपापल्या घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले. हा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात १०८ जण निदान एकदा पडले, म्हणजे साधारण तिघांत एक. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. पडण्यास कारण होऊ शकतील अशा गोष्टी त्यांनी प्रत्येकाच्या बाबतीत आधी मोजून ठेवल्या होत्या: पायांतील अशक्तपणा, तोल व चाल बिघडणे, पावलांचे दुखणे, विसरभोळेपणा, झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या. ज्यांच्यात यांतले एकही कारण नव्हते त्यांच्यापैकी केवळ ८ टक्के पडले. ज्यांच्यात चार किंवा अधिक कारणे होती त्यांच्यापैकी ७८ टक्के पडले. वय सगळ्यांचेच झालेले होते.

याचा सरळ अर्थ असा की कारणे एकावर एक चढत जातात, आणि म्हणून ती एकेक करून उतरवताही येतात. त्याच मंडळींनी १९९४ साली तेही करून दाखवले. सत्तरीपुढील ३०१ जण घेतले. अर्ध्यांच्या गोळ्या तपासून कमी-जास्त केल्या, त्यांना पायांचे व तोलाचे व्यायाम दिले, उठण्याबसण्याच्या सवयी बदलल्या. वर्षभरात त्यांच्यापैकी ३५ टक्के पडले. उरलेल्या अर्ध्यांपैकी ४७ टक्के. सगळे थांबले नाही, परंतु पुष्कळ थांबले.

तेव्हा यापुढे कोणी पडले की 'कशी काय पडलात?' एवढेच न विचारता 'कोणी पाडलं?' असे विचारू या.

घरातले पाडणारे

पहिला संशयित सर्वांना माहीत आहे: पाणी. आपल्या वसईत जून ते सप्टेंबर अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर, मागील दारी शेवाळ धरते. ते घासून काढायचे किंवा त्यावर वाळू टाकायची, हे आपल्या आईवडिलांना कोणी शिकवावे लागले नाही. नवीन गोष्ट घराच्या आत आली आहे. जुन्या घरातली जमीन पायाला पकड द्यायची. नव्या बंगल्यांत आपण आरशासारखी गुळगुळीत लादी घातली, थेट न्हाणीघरापर्यंत. लादी पुसून झाली की ती ओली आहे हे वृद्ध डोळ्यांना दिसतही नाही. ती बदलणे खर्चाचे आहे, मान्य. पण खडबडीत रबरी मॅट आणि भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा एवढे प्रत्येक घराला परवडेल. एक दांडा संडासाजवळ, एक अंघोळीच्या जागी. टॉवेल टांगायची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. माणसाचे वजन आले की ती भिंतीतून निघून हातात येते.

रात्रीचे उठणे हा दुसरा प्रकार. लघवीची घाई, अंधार, झोपेतून अर्धवट जाग आणि वाटेत सुनेने कौतुकाने टाकलेले पायपुसणे. पलंगापासून संडासापर्यंत एक छोटा दिवा रात्रभर जळत राहू द्या. वीज जातेच, म्हणून उशाशी टॉर्च हवी. वाटेतली पायपुसणी, वायरी, नातवंडांची खेळणी रात्री उचलून ठेवा. उंबरठ्याची कड ठसठशीत दिसेल असा रंगाचा पट्टा ओढा. घरातील धोके अशा रीतीने तपासून दूर केले तर पडण्याचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी होते, आणि जे आधीच पडलेले किंवा अशक्त आहेत त्यांच्या बाबतीत त्याहूनही जास्त, असे २०२३ साली अनेक चाचण्या एकत्र तपासून प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले आहे.

पुरुषांबद्दल एक शब्द. बायका घरात पडतात, आपले आजोबा मात्र वरून पडतात. स्टुलावर चढून माळ्यावरचे भांडे काढणे, नाताळचा तारा टांगणे, वाडीतल्या झाडावर 'जरा हात पोहोचतो का' ते पाहणे. साठी उलटलेल्या आणि अजून मन तिशीत असलेल्या माझ्या मित्रांनो, तारा टांगायला तरुण मंडळींना बोलवा. त्यांना तेवढेच काम मिळेल.

गोळ्या आणि डोळे

गोळ्यांचा डबा हा घरातील सर्वांत शांत पाडणारा. झोपेची गोळी रात्री झोप देते आणि पहाटे दोन वाजता उठलेल्या माणसाचा तोल घेते. रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, मन शांत ठेवण्याच्या गोळ्यांनी काहींना झोपेतून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक उतरत असेल, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. म्हणून दवाखान्यात बसून एकदा आणि उभे राहून एकदा, असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. सांगितल्याशिवाय सहसा कोणी मोजत नाही. घरी पलंगावरून उठताना आधी बसा, पावले वरखाली हलवा, मिनिटभराने उभे राहा, मगच पाऊल टाका.

हाडांचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, साखरेचे वेगळे. प्रत्येकाने लिहिलेल्या गोळ्या एकाच पोटात जातात. वर्षातून एकदा सर्व गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, यांतली कोणती नको? न्यूझीलंडमध्ये १९९९ साली झोपेच्या व तत्सम गोळ्या हळूहळू बंद करून पाहिल्या, तेव्हा पडण्याचे प्रमाण तब्बल दोन तृतीयांशाने घटले. अर्थात अभ्यास संपताच पुष्कळांनी गोळी पुन्हा सुरू केली. माणूस सगळीकडे सारखाच! अशी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे मात्र धोक्याचे आहे. ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांचेही तेच. डॉक्टरांनी सांगितल्या तर घ्याव्यात, शेजारणीने सांगितल्या म्हणून नव्हे. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच त्याचा फार मोठा डोस देऊन पाहिला, तर त्या कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या, हे २०१० साली दिसून आले आहे.

डोळ्यांचे सांगायचे तर मोतीबिंदूचे ऑपरेशन 'अजून पिकू द्या' म्हणून लांबवू नये. इंग्लंडमध्ये २००५ साली दाखवून दिले गेले की पहिल्या डोळ्याचे ऑपरेशन लवकर झालेल्या स्त्रिया थांबलेल्या स्त्रियांपेक्षा बऱ्याच कमी पडल्या. आणि दोन भागांचा चष्मा वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: खालचा भाग वाचण्यासाठी आहे. पायरी उतरताना खाली पाहिले की त्याच भागातून पायरी दिसते आणि ती धूसर दिसते. मान वाकवून वरच्या भागातून पाहावे. आपल्या चर्चच्या पायऱ्यांवर किती जण याच कारणाने चाचपडतात ते मी दर रविवारी पाहतो.

साखरेच्या आजाराने पायाची जाणीव कमी झालेल्यांनी चपलेकडे विशेष लक्ष द्यावे. झिजून गुळगुळीत झालेली रबरी स्लीपर, घोट्याला पट्टा नसलेली सैल चप्पल, पायात घोळणारी मॅक्सी, या तिघी मैत्रिणी आहेत आणि तिघीही पाडतात.

सर्वांत मोठा पाडणारा

हे सगळे सांगून झाले तरी मुख्य आरोपी अजून बाहेरच आहे. तो आहे खुर्ची.

माणूस उभा राहतो तो मांड्यांच्या, पोटऱ्यांच्या आणि घोट्यांच्या बळावर. पाय सरकला की तरुण माणूसही पडता पडता वाचतो, कारण त्याचा दुसरा पाय झटकन पुढे येतो. ही झटकन येण्याची शक्ती वापरली नाही की जाते. म्हातारपणी फार लवकर जाते आणि परत मिळवायला वेळ लागतो. घरातले प्रेमाने म्हणतात, 'तुम्ही बसा, आम्ही आणतो.' पाणी हातात, जेवण हातात, टीव्ही समोर. सहा महिन्यांत खुर्चीतून उठायला हात लागतो, वर्षाने दुसऱ्याचा हात लागतो. मग एकदा अडखळणे, मग भीती, भीतीने आणखी बसणे, बसण्याने आणखी अशक्तपणा. या चक्राचा पहिला धक्का बहुधा आपल्या मायेनेच दिलेला असतो. त्या आजींच्या बाबतीत तो मी दिला.

न्हाणीघरातल्या ओल्या लादीने त्यांना पाडले हे खरे. पण दोन वर्षांपूर्वी त्याच लादीवर त्यांचा दुसरा पाय पुढे आला असता. मी तेव्हा पायरीला कठडा लावून घ्यायला हवा होता, आणि त्यांना म्हणायला हवे होते, 'आजी, उद्याही या. हवे तर वाटेत कोणी सोबतीला देतो.' माझ्याकडे पायरी दुरुस्त करायचा मार्ग होता, तो सोडून मी माणूस हलवले.

चौथ्या आज्ञेवर आपण प्रवचने ऐकतो. आईबापांचा मान राखणे म्हणजे त्यांना देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे एका जागी बसवणे, असा अर्थ त्यात कुठेच नाही.

आता उपाय. २०१९ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घरी राहणाऱ्या वृद्धांवरील १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २३ हजारांहून अधिक माणसे होती. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते असे दिसले. तोलाचे व्यायाम आणि पायांत बळ आणणारे व्यायाम दोन्ही केले तर घट सुमारे एक तृतीयांश. नुसत्या फिरण्याने तेवढा लाभ होतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. फिरणे चांगलेच, पण ते पुरेसे नाही. तोल हा तोल सांभाळूनच वाढतो.

आणि 'आता या वयात काय व्यायाम' असे म्हणणाऱ्यांसाठी न्यूझीलंडमधल्या ओटागोची हकिकत. तिथे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या २३३ स्त्रिया होत्या. अर्ध्यांच्या घरी फिजिओथेरपिस्टने पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा जाऊन व्यायाम शिकवला. पुढे त्या आपापल्या घरीच करत राहिल्या. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. वर्षाअखेर व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे ८८ प्रसंग झाले, न करणाऱ्यांत १५२. ऐंशीच्या पुढच्या बायका, आणि यंत्र कसलेच नाही!

आपल्या घरी काय करता येईल? स्वयंपाकघरातला ओटा ही उत्तम व्यायामशाळा आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहा. टाचा उचला, सावकाश टेका, दहा वेळा. मग पावलांचे पुढचे भाग उचला. ओट्याच्या कडेने आडवे चालत जा आणि परत या, खेकड्यासारखे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून दहा सेकंद उभे राहा. हे जमू लागले की दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटे. एका पायावर उभे राहणे सर्वांत शेवटी. मग हातांची, पक्की, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या आणि हातांचा आधार न घेता उठा-बसा. आधी पाच वेळा, पुढे दहा. पहिले काही दिवस कोणी तरी जवळ असावे. छातीत दुखले, चक्कर आली, तर थांबावे. गुडघेदुखी वा हृदयविकार असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. भात शिजेपर्यंत हे सगळे होते.

स्वतःची परीक्षाही घरी घेता येते. खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीने तीन मीटर जा, वळा, परत येऊन बसा. नातवाला घड्याळ धरायला सांगा. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर तुमचा तोल आताच लक्ष मागतो आहे.

काठीविषयी लाज बाळगू नये. तिची उंची, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. जो पाय दुखतो त्याच्या विरुद्ध हातात धरायची. खालचे रबर झिजले की बदलायचे. ते पाच-पन्नास रुपयांचे असते आणि लोक कुबडीसारखी महागडी काठी घेऊन रबरावाचून हिंडतात.

न सांगितलेले पडणे

घरभेटींना गेलो की आजकाल मी सर्व वृद्धांना विचारतो, "वर्षभरात कधी पडलात का?" घरातले असताना उत्तर 'नाही'. घरातले चहा करायला आत गेले की उत्तर बदलते. एक आजोबा मला म्हणाले, "दोनदा पडलो फादर. पण पोराला सांगू नका. नाहीतर माझं वाडीत जायचं बंद करेल." त्यांचे भय खोटे नव्हते. आपण पडलेल्या माणसाला शिक्षा करतो, म्हणून तो पडणे लपवतो. लपवल्यामुळे कारण सापडत नाही. आणि तिसऱ्यांदा तो पडतो तेव्हा हाड मोडूनच आपल्याला कळते.

मुलांनो, सुनांनो, घरात एक करार करा. पडल्याचे सांगितले तर कशावरही बंदी येणार नाही; फक्त काय बदलायचे याचा विचार होईल. वाडीत जायचे तर खिशात मोबाईल, पायात पट्ट्याची चप्पल, आणि परत येण्याची वेळ सांगून. परदेशी गेलेल्या मुलांना फोनवर विचारायला मी आणखी एक प्रश्न सुचवतो. 'जेवलात का?' बरोबरच 'आज कुठे कुठे गेलात?' हेही विचारा. मुलगे कॅनडात आणि आईवडील इथे एकटे, अशी घरे आपल्याकडे वाढत आहेत. त्यांच्यासाठी शेजारचा एक माणूस आणि त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली, एवढी व्यवस्था असावीच.

कारण पडण्याइतकेच वाईट असते पडून राहणे. एकट्या माणसाने घाबरून एकदम उठायचा प्रयत्न करू नये. आधी श्वास घ्या, हातपाय हलवून पाहा. फार दुखत नसेल तर एका कुशीवर वळा, हात-गुडघ्यांवर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात बैठकीवर टेका, बळकट पाय पुढे घेऊन उठा आणि वळून बसा. हे बरे असताना पलंगाजवळ, कोणी सोबत असताना, एकदा करून ठेवावे. उठता येत नसेल तर ओरडा, काही वाजवा, चादर ओढून अंग गरम ठेवा.

मदतीला धावणाऱ्यांनी खांद्याला धरून ओढून उभे करू नये. जांघेत तीव्र वेदना, एक पाय आखूड दिसणे, पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असणे ही खुबा मोडल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी हलवू नका, चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर माणूस हसत बोलत असला तरी इस्पितळात न्या. खुब्याचे ऑपरेशन 'या वयात कशाला' म्हणून टाळण्याकडे आपला कल असतो. खरे तर बहुतेकांच्या बाबतीत एक-दोन दिवसांत ऑपरेशन होऊन लवकर उभे राहणे हेच जास्त सुरक्षित असते. पलंगावर पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. इतके करूनही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांत एक जण वर्षभरात आपल्याला सोडून जातो. म्हणूनच हा लेख पडण्याच्या आधीच वाचायचा आहे.

आणि विनाकारण, एकाएकी पडणे सुरू झाले, तर ते पुष्कळदा आतल्या एखाद्या आजाराचे पहिले लक्षण असते: रक्त कमी होणे, लघवीचा जंतुसंसर्ग, हृदयाचे ठोके चुकणे. ते घरी लपवण्याची नव्हे, दवाखान्यात सांगण्याची गोष्ट आहे.

आपल्या चर्चबद्दल

आता स्वतःच्या घराची झाडाझडती. मुख्य दाराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावण्याचे काम पॅरिश कौन्सिलने मंजूर केले आहे. पावसाळ्याआधी ते पुरे होईल. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला जाईल. पवित्र पाण्याच्या कुंडाजवळची फरशी नेहमी ओली असते, तिथे मॅट टाकली आहे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साच्या आधी तासभर फरशी पुसू नये असे सांगितले आहे. ज्यांना गुडघे टेकून उठणे अवघड जाते त्यांनी बसून प्रार्थना करावी. त्यात कसलाही संकोच नको. कम्युनियनच्या रांगेत मागून घाई करू नये, विशेषतः तरुणांनी.

येत्या शुक्रवारपासून आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार व शुक्रवार, सकाळच्या मिस्सानंतर सभागृहात अर्धा तास वर सांगितलेले व्यायाम एकत्र घेतले जातील. आपल्याच धर्मग्रामातील एक फिजिओथेरपिस्ट ताई पहिले दोन महिने शिकवायला येणार आहेत. वयाची अट नाही, फी नाही. येताना पट्ट्याची चप्पल किंवा बूट घालावेत. लुगडे नेसणाऱ्या आज्यांनी काळजी करू नये, सगळे व्यायाम उभ्याने किंवा खुर्चीतूनच आहेत. ज्यांना चालत येण्यास सोबत हवी त्यांनी आपल्या विभागाच्या प्रमुखांना सांगावे. ज्यांच्या घरी मी कम्युनियन घेऊन येतो, त्यांच्यापैकी ज्यांना पुन्हा चर्चमध्ये यावेसे वाटते त्यांनी मला अवश्य सांगावे. कसे आणायचे ते आपण मिळून ठरवू. ज्यांना येणे शक्यच नाही त्यांच्याकडे मी पूर्वीप्रमाणे येईनच, फक्त आता खुर्चीतून पाच वेळा उठवल्याशिवाय निघणार नाही. घरच्यांना काही अडचण असेल आणि कोणाला सांगावे हे सुचत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.

या महिन्याच्या लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत याच विषयावर बोलावे. आपल्या वाडीत गेल्या वर्षभरात कोण कुठे पडले? त्या प्रत्येक वेळी पाडणारे काय काय होते? आणि आपण कोणा वृद्धाला काळजीपोटी काय काय करायचे थांबवले आहे? तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्यावा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे प्रत्येक समूहाने चिठ्ठीवर लिहून पुढच्या रविवारी दाराजवळच्या पेटीत टाकावीत. नावे लिहू नका, जागा लिहा: कोणता रस्ता, कोणता कट्टा, कोणती पायरी. ज्या जागा सार्वजनिक आहेत त्यांची यादी करून युवा मंडळ एकेक जागा पाहून येईल.

तुमचा,
फादर